नटावरची लाल रेघ

सुरुवातीची आडवी फळी धाडकन खाली पडली आणि वीस म्हाताऱ्या मोटरसायकली धूर ओकत पहिल्या वळणाकडे सुटल्या. कंपाउंडरबाई कुंपणाशी उभ्या होत्या. हातात लाल नेलपॉलिशची बाटली होती. ती पर्समध्ये टाकता टाकता त्या थबकल्या.

पुढच्या चाकाच्या नटावर रेघ ओढली खरी, पण त्याआधी हे ‘झालं’ म्हणाले होते का?

औषधांच्या दुकानात काउंटरमागे तीस वर्षं काढल्यामुळे जुन्या मोटरसायकलींच्या क्लबात सगळे त्यांना कंपाउंडरबाईच म्हणत. नवरा लेथवर काम करणारा, म्हणून टर्नरसाहेब. साहेबांचं वय एकसष्ट, मोटरसायकल पोरीपेक्षा मोठी. दोघांना मिळून जेवढी दुखणी होती, त्याहून जास्त त्या गाडीला होती. मातीच्या उड्यांवर ती अशी हादरायची की घट्ट आवळलेले नटही सैल व्हायचे. दरवर्षी क्लबातल्या कुणाचं तरी हाड मोडायचंच, आणि त्याचा एक्स-रे कौतुकाने सगळ्यांना दाखवला जायचा. असली हौस.

त्यावर बाईंनीच तोडगा काढला होता. दुकानात एकीने पाकीट काढायचं, दुसरीने नाव मोठ्याने वाचायचं आणि मगच खूण करायची, अशी पद्धत होती. तीच त्यांनी इथे आणली. साहेबांनी नट आवळायचा, उभं राहून ‘झालं’ म्हणायचं, आणि मगच बाईंनी नटावरून लोखंडापर्यंत लाल रेघ ओढायची. नट फिरला की रेघ तुटते, लांबूनही कळतं. अकरा वर्षांत हा नियम कधी मोडला नव्हता.

आज सकाळी पुढच्या टायरमध्ये काटा निघाला. साहेबांनी चाक काढलं, ट्यूब बदलली, चाक परत चढवलं. तेवढ्यात लेकीचा फोन आला. नातीला ताप होता, औषध किती द्यायचं ते विचारत होती. बाई फोन कानाला लावून डोस सांगत होत्या आणि हात सवयीने रेघा ओढत होता. फोन ठेवला तेव्हा साहेब कधीच नाव नोंदवायला टेबलाकडे गेले होते.

न आवळलेल्या नटावर ओढलेली रेघसुद्धा सरळच दिसते.

दुसरी फेरी. सत्तेचाळीस नंबर पहिला! शेजारच्या बाईने दंड दाबला. “अहो, तुमचे पुढे आहेत!” अकरा वर्षांत साहेब कधी चौथ्याच्या वर आले नव्हते. बाई हसल्या, पण डोळे चाकावरून हलेनात. मोठ्या उडीवर गाडी हवेत गेली की त्यांचा श्वास अडकायचा आणि चाक जमिनीला टेकलं की सुटायचा.

थांबवावं तर आयुष्यातला एकमेव पहिला नंबर आपल्या हातून जाणार. आणि नट घट्ट निघाला तर? जन्मभर ऐकावं लागेल. ऐकवणारही नाहीत म्हणा, गप्प बसतील, आणि ते जास्त वाईट. आणि नट घट्ट नसला तर? त्यापुढचं चित्र बाईंना बघवेना.

तिसऱ्या फेरीत साहेब उडीवरून जरा तिरके उतरले. बाई धावत सुटल्या. गुडघा कुरकुरला, चप्पल चिखलात राहिली.

“सत्तेचाळीसला बाहेर काढा!” त्या झेंडेवाल्यावर ओरडल्या.

“काय झालंय?”

“मला आठवत नाहीये! काढा म्हणते ना!”

झेंडेवाल्याने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि काळा झेंडा वर केला.

साहेब बाहेर आले. हेल्मेट काढलं, चेहरा लाल झालेला. बाईंनी एका दमात सगळं सांगितलं. साहेबांनी पाना घेतला, खाली बसले, नटाला लावला आणि जोर दिला.

नट जागचा हलला नाही. चांगला घट्ट होता.

मागून एकेक गाडी पुढे निघून जात होती. बाईंना रडूच फुटलं. “माझ्यामुळे गेलं सगळं. तुमचा पहिला नंबर...”

साहेब उठलेच नाहीत. पाना मांडीवर ठेवून नटाकडे बघत राहिले.

“मलाही आठवत नव्हतं,” ते हळूच म्हणाले.

“काय?”

“आवळला की नाही. फळी पडायच्या आधीपासून डोक्यात तेच घोळत होतं.”

“मग थांबला का नाहीत?”

“सुरुवातीला वाकून बघितलं होतं. तुझी रेघ होती. म्हटलं, हिने ओढलीय म्हणजे मी नक्की आवळला असणार.”

बाईंचं रडू जागच्या जागी थांबलं. त्या साहेबांच्या घामाने भिजलेल्या डोक्याकडे बघत राहिल्या. पहिला नंबर त्या केव्हाच विसरल्या होत्या. स्वतःला आठवत नसताना हा माणूस त्यांच्या एका रेघेवर हवेत उड्या मारत होता, आणि ती रेघ त्यांनी फोनवर बोलता बोलता ओढली होती.

दुपारी दुसरी शर्यत होती. बाईंनी रिमूव्हर लावलेल्या कापसाने सगळ्या रेघा पुसून काढल्या, फोन बंद करून डब्यात टाकला आणि साहेबांच्या हातात पाना दिला.

“पहिल्यापासून,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी पुढचा नट आवळला आणि कंबर धरून उभे राहिले. “झालं.”

“परत म्हणा.”

“झालं गं बाई, झालं!”

बाईंनी बाटलीचं झाकण उघडलं. नटाला बोट लावून पाहिलं आणि मगच रेघ ओढायला घेतली. रेघ पुरी होईपर्यंत साहेब जवळच उभे राहिले.