कमसरचं खेचर कंदाहारला

इस्फहानकडच्या कमसर गावात पाहुण्याला घरात घेणं अवघड आणि घराबाहेर काढणं त्याहून अवघड. पाहुणा म्हणतो, ‘येत नाही’. यजमान म्हणतो, ‘आल्याशिवाय सोडत नाही’. तेवढ्यात जेवण निवतं. एकदा हमामच्या दारात दोन म्हातारे ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत उभे राहिले ते आतलं पाणी गार झालं तरी आत गेले नाहीत. शेवटी दोघे न न्हाताच, एकमेकांची तारीफ करत घरी गेले.

अशा गावातही, यात्रा करून ‘मशदी’ झालेल्या नौरूजअलीची नम्रता जरा जास्त मानली जाई. धंदा गुलाबपाण्याचा. वसंतात ऊन वर यायच्या आत डोंगरावरच्या मळ्यांतून फुलं उतरवायची आणि तांब्याच्या भट्टीत घालायची. उशीर झाला की फुलाचा वास उडतो आणि गवत तेवढं उरतं. फुलं उतरवायला होतं मर्जान नावाचं खेचर. गावात म्हणत, की घर नौरूजअलीची बायको माहनिसा चालवते, भट्टी मर्जान चालवतं, आणि नौरूजअली नुसती जीभ चालवतो.

त्या साली शहाने कंदाहारवर स्वारी काढली. तख्तावर बसून वर्ष झालं नव्हतं. त्याआधी तो अफगाणांशी लढला, मग तुर्कांशी, आणि मधल्या काळात जे कोणी सापडले त्यांच्याशी. घोड्यावरून खाली कसं उतरायचं हे शहाला लहानपणी कोणी शिकवलंच नाही, असं लोक हळू आवाजात म्हणत. फौजेसाठी जनावरं गोळा करायला बैरामकुली नावाचा युजबाशी, म्हणजे शंभर स्वारांचा नायक, कमसरला आला. हा वाळवंटातला तुर्कमान. माणूस सरळ, बोलणं त्याहून सरळ.

त्याला हवी तेवढी जनावरं मिळाली होती. परत निघताना तो नौरूजअलीच्या दारात सरबत प्यायला तेवढा थांबला. पेला खाली ठेवत म्हणाला, “खेचर देखणं आहे हो तुमचं.”

नौरूजअली छातीवर हात ठेवून वाकला. “आमचं कुठलं, आगा! आपलंच आहे. पेशकश!”

यावर ‘छे छे, तुम्हालाच लखलाभ’ असं म्हणायचं असतं. मग इकडून पुन्हा आग्रह, तिकडून पुन्हा नकार, आणि खेचर जिथल्या तिथे. कमसरच्या पाळण्यातल्या पोरालाही हे ठाऊक असतं.

“बरं,” युजबाशी म्हणाला. “देव तुझं भलं करो.” आणि त्याने खेचराचा दोर सोडून हातात घेतला.

आत माहनिसाच्या हातून परात पडली.

“जा! परत माग!”

“पेशकश केलेलं परत मागू? लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, उशिरा का होईना, अक्कल आली.”

“मला नाही जमणार.”

“मग मी जाते.”

“तू गेलीस तर मी विहिरीत उडी मारीन!”

“मार. आधी दोन घागरी शेंदून ठेव. मागाहून ते पाणी कोण पिणार?”

भीड भिकेची बहीण, हे माहनिसाने रात्रभर ऐकवलं. सकाळी नौरूजअलीने तोड काढली. आपण खेचराबरोबरच जायचं. चार दिवसांत युजबाशीला उमगेल आणि तो आपणहून परत देईल. गावाबाहेरच्या तळावर जाऊन त्याने युजबाशीला सांगितलं, की मर्जान माझ्याच हातून खातं. युजबाशी म्हणाला, “मग चल.”

चार दिवस गेले, किरमान गेलं, सीस्तानचं वाळवंट गेलं. युजबाशीला काही उमगलं नाही. कंदाहारचा किल्ला मात्र डोंगराला पाठ लावून बसला होता आणि पडायचं नाव काढत नव्हता. शहानेही हट्टाने समोर आपलं नवं शहर बांधायला घेतलं. बाजार, हमाम, सगळं. ज्याच्या पाठीवर गुलाब यायचे ते मर्जान आता तोफांची दारू वाहू लागलं. रात्री नौरूजअली त्याची पाठ चोळायचा, तेव्हा हाताला येणारा वास घेऊन त्याला रडू यायचं.

पहिला गुलाबांचा हंगाम माहनिसाने भावाचं खेचर मागून निभावला.

इकडे युजबाशीवर वेगळंच संकट आलं. एका इस्फहानी सरदाराने त्याला जाता जाता ‘या ना जेवायला’ म्हटलं आणि हा खरंच गेला. ‘आणखी घ्या’ म्हटल्यावर आणखी घेत राहिला. सरदाराची माणसं उपाशी झोपली, आणि गोष्ट छावणीभर झाली.

“मशदी,” तो वैतागून म्हणाला, “तुम्ही लोक खोटं का बोलता?”

“खोटं नव्हे, आगा. अदब.”

“मला शिकव.”

नौरूजअलीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याने मन लावून शिकवलं. कोणी वस्तूची तारीफ केली की काय म्हणायचं? पेशकश! युजबाशी सराव म्हणून तंबूच्या खुंट्यांनासुद्धा पेशकश म्हणू लागला. मग एके दिवशी नौरूजअलीने मर्जानच्या मानेवर हात फिरवत, आवाज शक्य तितका सहज ठेवून म्हटलं, “काय देखणं जनावर आहे नाही, आगा?”

युजबाशी ताठ उभा राहिला, छातीवर हात ठेवला. “तुझंच आहे, मशदी. पेशकश!”

“छे छे!” नौरूजअलीची जीभ म्हणाली. “आपल्यालाच लखलाभ!”

जीभ चावून रक्त आलं, पण शब्द गेला तो गेलाच. युजबाशी आनंदाने टाळ्या पिटत होता. “जमलं का?”

“उस्तादासारखं,” नौरूजअली म्हणाला, आणि तंबूमागे जाऊन त्याने कपाळ बडवून घेतलं.

हिवाळा सरता सरता एका उंटवाल्याबरोबर माहनिसाचा निरोप आला. भाऊ यंदा खेचर देत नाही. फुलं उतरली नाहीत तर भट्टी तांब्याच्या भावाने विकते. ये, नाहीतर खुशाल तिथेच तोफ हो.

वसंतारंभीचा नवरोज उलटला आणि किल्ला पडला. छावणीत बातमी फिरली, की शहा आता काबूलकडे निघणार, पुढे कोण जाणे कुठे. फौज हलायची त्याच दिवशी दुपारी पश्चिमेकडे, घराच्या वाटेने जाणारा काफिला सुटणार होता. त्या सकाळी नौरूजअली युजबाशीसमोर जाऊन उभा राहिला.

“आगा, आपली सावली आम्हा गरिबांवरून कधी...”

“सावली राहू दे. उन्हात बोल.”

नौरूजअलीचं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. अदब शिकता शिकता युजबाशीला आता एक गोष्ट कळू लागली होती.

“मशदी, मागे मी पेशकश म्हणालो, तू नको म्हणालास. ते ‘नको’ पोटातलं होतं की ओठातलं?”

नौरूजअलीने मान खाली घातली. “ओठातलं.”

“आणि तुझ्या दारात खेचर दिलंस, ते?”

“तेही ओठातलंच, आगा.”

युजबाशीचा चेहरा पडला. “म्हणजे मी तुझं खेचर चोरलं?”

“छे छे! असं कसं...”

“पोटातलं बोल!”

“थोडंसं,” नौरूजअली म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

युजबाशी उठला. मर्जानच्या पाठीवरची दारूची पोती त्याने स्वतः उतरवली. खालच्या वणांवरून एकदा हात फिरवला. मग त्याने दोर नौरूजअलीच्या हातात कोंबला.

“पळ. मी काही अदबीचं बोलायच्या आत पळ. आणि तू तर तोंड उघडूच नकोस.”

नौरूजअली पळाला. काफिला गाठून धाप टाकत चालू लागला. पाठ सोललेल्या मर्जानवर बसायचा प्रश्न नव्हता. दोघे शेजारी शेजारी चालले. गुलाब उमलायच्या आत पोचायचं तर पाय उचलायला हवे होते. बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात आलं, की जन्मभर सरबताच्या पेल्यासाठी घटकाभर आभार मानणारे आपण, त्या माणसाला एक शब्दही न बोलता निघून आलो. त्याने वळून पाहिलं. फौजेची धूळ काबूलच्या बाजूला लागली होती, आणि त्या धुळीत कोणता युजबाशी आपला, ते ओळखू येत नव्हतं.