लेबल लावलेल्या सीडी

खिडकीसमोर धरलेल्या सीडीतून उजेडाचा बारीक ठिपका आरपार आला. मी नुकतंच तिच्यावरचं कागदी लेबल सोललं होतं आणि त्याच्याबरोबर चंदेरी पापुद्राही निघून आला होता.

धाकट्या भावाचा, नितूचा, टीव्हीला जोडायचा जुना गेम कन्सोल मी त्याच्या लेकीसाठी माळ्यावरून काढला. कॉलेजात असताना त्याने गेम सीडींवर उतरवून घेतले होते. सवयीने मी कागदावर कामं लिहिली: लेन्स साफ करणे, सीडी मधल्या भोकापासून कडेकडे पुसणे, एकेक लावून पाहणे. फक्त एक चालली, जिच्यावर लेबल नव्हतं. बाकी सगळ्यांवर मी तेव्हा चिकटवलेली लेबलं होती, माझ्या अक्षरात नंबर घातलेली. लेबल जरा तिरकं बसलं तरी फिरताना सीडी डगमगते आणि कन्सोलला ती वाचता येत नाही.

तेव्हाही त्या अडकायच्या. मी म्हणायचे, "फरसाणाचे हात लावतोस." तो म्हणायचा, "ताई, धुतलेत गं हात." शेवटी कन्सोल मीच माळ्यावर टाकला. ज्याच्याकडे यादी असते त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. तो स्वतःही नाही.

संध्याकाळी नितू आल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो सीडी उलटसुलट करून बघत राहिला.

"अक्षर मात्र छान आहे तुझं," तो म्हणाला.

मग बेसिनवर जाऊन त्याने हात धुतले, कोरडे पुसले आणि मगच ती चालणारी सीडी उचलली.