व्हॉल्व्हमनचा नंबर

व्हॉल्व्हमनचा फोन नंबर लोकांत मीच पसरवला. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं. कुठल्या गल्लीला कधी सोडायचं ते ठरलेलं, पण ठरल्यासारखं येतंच असं नाही. मग लोक फोन करतात. मी पाणीपुरवठ्याचा कनिष्ठ अभियंता. शेजारच्या भागाचा अभियंता निवृत्त झाला, त्याची जागा भरलीच नाही; तोही भाग माझ्या गळ्यात. वर निवडणुकीचं काम, वसुलीचं काम. दात घासताना फोन, जेवताना फोन. बीपीची गोळी सुरू झाली. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत बसलो होतो, तेव्हा फोनवर कुणी आईवरून शिवी दिली. मी पाहुण्यांकडं बघून हसलो.

दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या कार्यकर्त्याला व्हॉल्व्हमनचा नंबर दिला. म्हटलं, "थेट त्यालाच विचारत जा. माझं नाव घेऊ नको." त्यानं तो सगळ्या ग्रुपांवर टाकला. माझा फोन गप्प झाला. मला झोप लागू लागली, आणि चांगली लागली.

व्हॉल्व्हमन कंत्राटी होता. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढायचं, लांब चावीनं व्हॉल्व्ह फिरवायचा, हे त्याचं काम. पाणी किती सोडायचं हे त्याच्या हातात कधीच नव्हतं. तो ऑफिसात आला.

"सायेब, माजा नंबर कुटनं फुटला कळंना. एक बाई सकाळपासनं इचारतीया, आमचं पाणी पिऊन झोपला का म्हणून."

"लई मोठा माणूस झालास की. नगरसेवकाला पण एवढे फोन येत नसतील."

सगळे हसले. तोही हसला. मग हळूच म्हणाला, "नंबर बदलू का?"

"अजिबात नाही. ड्युटीवर फोन लागलाच पाहिजे."

बदलला असता तर ते फोन परत माझ्याकडं आले असते.

ऐन उन्हाळ्यात एका सकाळी त्यानं व्हॉल्व्ह उघडला आणि फोन वाजला. त्यानं फोन चेंबरमधल्या पाण्यात सोडला, वर झाकण लावलं आणि तिथंच बसला. व्हॉल्व्ह बंद करायची वेळ टळून गेली. टाकी रिकामी झाली, पुढच्या गल्ल्या कोरड्या राहिल्या. लोकांनी त्याचा व्हिडिओ काढला. मी पोचलो तेव्हा चावी मांडीवर आडवी घेऊन तो बसला होता.

"कुणाचा फोन होता?"

"कुणाचाबी आसंल."

मी अहवालात लिहिलं, कामात हलगर्जीपणा. ठेकेदारानं त्याला काढून टाकलं. आता शेजारी फोन वाजला तरी तो दार लावून घेतो, असं त्याची बायको सांगत होती. ती चादरीच्या कारखान्यात कामाला जाते. सुट्टी टाकून माझ्याकडं आली होती.

"ह्यांचा नंबर कुणी वाटला, तुमाला ठावं आसंल की, सायेब."

मी चहाचा घोट घेतला. "कुणास ठाऊक, बाई. आजकाल नंबर कुठंही मिळतो."

"व्हय," म्हणाली आणि गेली. पुन्हा आली नाही.

तिला खरं उत्तर द्यायचं राहिलंय. आणि दोष त्याचा नव्हता, माझा होता, हे ऑफिसात लेखी द्यायचं राहिलंय.