नागुबाई मुराळी जाते

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत शिरूर अनंतपाळच्या नागुबाई कांबळेनं एकटीनं एसटीचं तिकीट कधी काढलं नव्हतं. लातूरला ती पाच-सहा वेळा गेली होती, पण दर वेळी नवऱ्याच्या मागून. ज्ञानोबा पुढं, ती चार पावलं मागं, आणि नजर त्याच्या सदऱ्यावर. सदरा वळला की ती वळायची, सदरा थांबला की थांबायची. लातूरचा रस्ता कुणी विचारला असता तर तिला सांगता आला नसता. सदऱ्याची शिवण कुठं उसवली होती ते मात्र सांगता आलं असतं.

ही गोष्ट १९८३ च्या एप्रिलातली. लातूर जिल्हा होऊन आठ महिने झाले होते. पाऊस दगा देऊन गेला होता, गावच्या विहिरींत बादली खडखडत होती आणि टँकर आला की घागरींची रांग पार शाळेपर्यंत जायची. ‘जिल्हा आला, पानी तेवढं उस्मानाबादलाच राहिलं,’ असं गावात म्हणत. नागुबाईच्या घरात मात्र नव्या जिल्ह्यानं एक चांगली गोष्ट केली होती. थोरली पोरगी पंचशीला लातूरच्या नव्या कचेरीत कारकून म्हणून लागली होती, आणि महिन्याभरात तिचं लग्नही ठरलं होतं. रविवारची तारीख होती.

अडलं ते मावशीवर. नागुबाईची धाकटी बहीण सुमनबाई किनवटाकडं इस्लापूरला दिलेली. बहात्तरच्या दुष्काळात बारा वर्षांच्या पंचशीलाला तिनंच वर्षभर सांभाळलं होतं, शाळेत घातलं होतं. पुढं सुमनबाईचा नवरा वारला आणि तिचं येणं-जाणं बंद पडलं. घर चालत होतं थोरल्या दिराच्या, साहेबरावांच्या शब्दावर. लग्नाचं कळवल्यावर साहेबरावांचं कार्ड आलं: ‘सुमनबाईस मुराळी आल्याखेरीज पाठविणे होणार नाही. रीत ती रीत. कळावे.’

मुराळी म्हणजे सासरच्या बाईला आणायला माहेराहून जाणारा माणूस. भाऊ असतो, नाही तर भाचा. इथं होता एकुलता भाऊ व्यंकटी, आणि त्याचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. ज्ञानोबा रोजगार हमीच्या कामावर मुकादम. हजेरीपट सोडून तीन दिवस गेला तर शंभर माणसांची हजेरी कोण मांडणार?

‘मावशी नसेल तर मी उभी राहणार नाही,’ पंचशीला म्हणाली. ‘तारीख पुढं ढकला.’

‘तारीख ढकलायला ती काय तुझ्या ऑफिसातली फाइल हाय का?’ ज्ञानोबा म्हणाला.

बापलेक दोघंही हट्टी. दोन दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता नागुबाई म्हणाली, ‘म्या जाते मुराळी.’

ज्ञानोबा आधी हसला. मग तिच्याकडं बघून हसायचा थांबला. ‘बाई कधी मुराळी असती का? डोस्कं फिरलं का तुझं?’

शेजारची पार्वतीबाई तर दारातूनच ओरडली, ‘आगं, तू नांदेडात हरवलीस तर तुला आनायला आनिक एक मुराळी लागंल की!’

नागुबाईनं भाकरी उलटली. भीती तिला होतीच, आणि ती चोरा-दरोडेखोरांची नव्हती. कंडक्टरनं ‘कुठं?’ विचारलं आणि ऐन वेळी नाव आठवलं नाही तर? लघवीला उतरले आणि गाडी निघून गेली तर? शेजारी बाप्या येऊन बसला तर उठायचं का बसून राहायचं? असली बारीक बारीक भीती, तांदळातल्या खड्यासारखी. एकेक वेचून टाकली तरी ताटात आणखी राहिलेलीच.

गुरुवारी सकाळी पंचशीलानं तिला लातूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीत बसवलं. कनवटीला साहेबरावांचं कार्ड, पिशवीत भाकरी आणि ठेचा. थंडीच्या दिवसांत पंचशीलानं आईला अक्षरं शिकवली होती, तेवढ्या बळावर नागुबाई जोडाक्षरं सोडून बाकीचं अडखळत वाचायची. पण लेकीचा त्यावर भरवसा नव्हता.

‘आई, एका माणसाचं ऐकू नको. तिघांना विचार. दोघांचं जुळलं की ते खरं.’

‘अन् तिघांचं तीन तऱ्हा झालं तर?’

‘तर चौथ्याला विचार. आमच्या ऑफिसातबी असंच चालतंय.’

गाडी हलली तेव्हा नागुबाईनं पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली. अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. घसा कोरडा पडला होता, हापसा समोर दिसत होता, पण ती उतरली नाही. नांदेडला मात्र उतरावंच लागलं. एवढी माणसं तिनं एका जागी कधी बघितली नव्हती. बांगड्यावाल्या बाईला विचारलं: किनवटाची गाडी कुठं लागती? तिनं डावीकडं हात केला. पेपरवाल्यानं उजवीकडं केला. तिसऱ्या म्हाताऱ्यानं डावीकडं. नागुबाई डावीकडं गेली, आणि गाडी खरंच तिथं उभी होती. खिडकीशी बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण दांडी धरायची विसरलो.

भोकर गेलं, हिमायतनगर गेलं. दिवस कलता कलता इस्लापूर आलं. साहेबराव ओट्यावर बाजेवर बसले होते. त्यांनी तिच्यामागं रस्त्यावर नजर टाकली.

‘या. मुराळी कुठं मागं राहिला?’

‘मागं कशाला राहील? पुढं हुबा हाय की.’

‘कोन?’

‘म्या.’

आत सुमनबाईच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज झाला. साहेबरावांनी पुन्हा एकदा रस्त्यावर नजर टाकली. मग म्हणाले, ‘बाई मुराळी असल्याचं म्या तरी आइकलं न्हाई.’

नागुबाईनं कनवटीचं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. ‘अक्षर तुमचंच हाय नव्हं दाजी? मुराळी आल्याखेरीज पाठवनार न्हाई, असं लिव्हलंय. बाप्या आल्याखेरीज असं कुठं लिव्हलंय ते दावा. म्या आल्या पावली परत जाते.’

साहेबरावांनी चष्मा लावला. कार्ड वाचलं, उलटं करून पत्त्याची बाजू वाचली, पुन्हा सुलटं करून वाचलं. माणूस रीतीचा, म्हणजे शब्दाचाही. ‘हाव,’ ते शेवटी म्हणाले. ‘लिव्हलंय तर तसंच.’ आणि आत तोंड करून ओरडले, ‘आगं, मुराळ्याला पाय धुवाया पानी आना!’

मग तर त्यांनी काहीच सोडलं नाही. मुराळ्याला गोडधोड लागतं म्हणून पुरणपोळी झाली. मुराळ्याला एक दिवस ठेवून घ्यायचं असतं म्हणून शुक्रवारी मुक्काम झाला. त्या दिवशी दोघी बहिणी जवळच सहस्रकुंडाला जाऊन आल्या. एप्रिलात धबधब्याच्या चार-सहा धारा तेवढ्या उरल्या होत्या; इस्लापूरची माणसं तिकडं वळूनही बघत नव्हती. टँकरच्या गावाहून आलेली नागुबाई मात्र काळ्या दगडावर बसून दोन तास पाण्यात पाय सोडून होती.

‘आक्का, ऊठ की. जेवायची येळ झाली.’

‘थांब गं. एवढं पानी चाललंय अन् कुनी रांगबी लावून न्हाई राहिलं.’

सुमनबाई हसली. नवरा गेल्यापासून ती एवढ्या मोठ्यानं हसली नव्हती, हे तिला स्वतःलाच हसू थांबल्यावर कळलं.

शनिवारी पहाटे निघताना साहेबराव अडले. मुराळ्याला टोपी-टॉवेल द्यायची रीत. बाईला टोपी कशी द्यायची? न द्यावी तर रीत मोडते. ते टोपी हातात धरून नुसतेच उभे राहिले. नागुबाईनं हात पुढं केला. ‘द्या दाजी. घरी टाळकं हाय तिच्यासाठी.’

परतीच्या वाटेवर नागुबाई कुणी वेगळीच बाई होती. भोकरला उतरून तिनं पाणी प्यायलं, बहिणीला पाजलं, गाडी सुटायच्या आत परत चढली. सुमनबाईचा हात धरून ‘इकडून ये, तिकडं चिखल हाय’ म्हणायला लागली. नांदेडच्या स्टँडवर तिला विचारायचीही गरज पडली नाही. समोर गाडी उभी होती आणि पाटी तिनं स्वतः वाचली: शि-रू-र. पुढं लिहिलं होतं: ता.

‘आपली गाडी!’

‘ता म्हंजी काय गं आक्का?’

नागुबाईनं क्षणभर विचार केला. ‘तालुका असंल. जिल्हा नवा झालाय नव्हं? आपलं शिरूरबी तालुका करून राहिले असतील. सरकारात काय, कवा काय करतील नेम न्हाई.’

जन्मात पहिल्यांदा तिनं गाडीची पाटी कुणाला न विचारता वाचली होती. वाचल्यावर आणखी तिघांना काय विचारायचं? कंडक्टरला तिनं ठणकावून सांगितलं, ‘दोन शिरूर.’ कंडक्टरनं दोन शिरूर दिले. अहमदपूर गेलं, आणि थोड्याच वेळात त्यानं हाळी दिली, ‘शिरूर, उतरा शिरूर!’

दोघी उतरल्या. गाडी निघून गेली. समोर मोठा फाटा, मालट्रक उभे, हॉटेलं, उदगीरकडं जाणारा रुंद डांबरी रस्ता. सुमनबाईनं अकरा वर्षांनी बहिणीचं गाव बघितलं आणि तोंडावर हात घेतला.

‘आक्का! तुझं गाव लई वाढलं गं!’

‘हाव,’ नागुबाई म्हणाली. ‘वाढलंय जरा.’

‘टँकर टँकर म्हनतीस, हितं तर चहाची पाच दुकानं हायत.’

‘हाव.’

‘घर कुन्या अंगाला?’

नागुबाईनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. दोन दिवसांपूर्वीची नागुबाई इथंच मटकन खाली बसली असती. उद्या लग्न, ऊन डोक्यावरून कललेलं, बहीण भरवशानं तोंडाकडं बघतेय आणि आपण कुठं आहोत ते ठाऊक नाही. पण बसण्याऐवजी तिला हसू फुटलं. आधी बारीक, मग पोट धरून.

‘सुमन, हे आपलं शिरूर न्हाई गं. हे दुसऱ्याच कुनाचं तरी शिरूर हाय!’

चहावाल्यानं सांगितलं: बाई, हे शिरूर ताजबंद. पाटीवरचं ‘ता’ ताजबंदचं, तालुक्याचं नव्हे. अनंतपाळला जायचं तर उदगीरला जा. नागुबाईनं त्याचं ऐकून घेतलं आणि पंक्चरवाल्याकडं गेली. तो म्हणाला, उदगीर उलटं पडतं, चाकूरला जाऊन नळेगाव गाठा. मग केळी विकणारी एक म्हातारी दिसली. तिनं केळी देता देता सांगितलं, ‘चाकूर, नळेगाव, अन् तितून तुजं शिरूर. माजी लेक दिलीया तिकडंच.’

दोघांचं जुळलं. लातूरची गाडी आली, दोघी चढल्या. चाकूरला अर्धा तास वाट बघितली, केळी खाल्ली. नळेगावच्या गाडीत उभं राहायला लागलं, कारण बाजारकरी भरले होते. एक बाप्या ऐसपैस बसला होता. नागुबाई त्याला म्हणाली, ‘सरक की रं बाबा, नवरीची मावशी हाय संगं.’ तो सरकला.

नळेगावहून शेवटची गाडी धरून दोघी गावात पोचल्या तेव्हा सहा वाजले होते. उजेड होता. मांडवाच्या खांबाला पानं बांधत ज्ञानोबा शिडीवर उभा होता, आणि पंचशीला तोंड पाडून ओट्यावर बसलेली. दुपारची गाडी रिकामी येऊन गेल्यापासून तिनं हाताला मेंदी लावू दिली नव्हती. रस्त्यावर दोघी दिसल्या तशी ती अनवाणीच धावत सुटली आणि मावशीच्या गळ्यात पडली.

‘कुठं होता गं इतका वेळ?’

‘तुझ्या आईनं दोन शिरूर दावले मला,’ सुमनबाई म्हणाली. ‘येका तिकिटात.’

रविवारी लग्न लागलं. पांढऱ्या लुगड्यातली पंचशीला उभी राहिली, मावशी शेजारी उभी राहिली, सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. टँकर दोन तास उशिरा आला, तेवढं सोडलं तर तक्रारीला जागा नव्हती.

चार दिवसांनी सुमनबाईची निघायची वेळ झाली. आणलेल्या लेकीला पोचवायचंही असतं. कामाला तीन दिवस सुट्टी होती, म्हणून ज्ञानोबा धुतलेलं धोतर नेसून, नवी टोपी घालून दारात तयार.

‘चल सुमन. म्या पोचवतो.’

नागुबाई आतून पिशवी घेऊन आली. ‘तुम्ही नांदेड बघितलंय का कधी?’

‘न्हाई.’

‘किनवटाची गाडी कुठं लागती, ठावं हाय?’

ज्ञानोबानं मान हलवली.

‘मंग कसं पोचवून राहिलात?’

ज्ञानोबानं दाराकडं बघितलं, मेव्हणीकडं बघितलं. ‘मंग तूबी चल की.’

‘म्या तर जानारच हाय,’ नागुबाई म्हणाली. ‘तुम्हाला यायचं असंल तर या मागून.’

तिनं पिशवी त्याच्या हातात दिली आणि सुमनबाईला घेऊन स्टँडची वाट धरली. ज्ञानोबा चपला पायात सरकवत त्यांच्या मागं निघाला.