परीक्षा केंद्र : पानिपत

अरुणा साळवेला बारावीच्या गणितात सत्त्याण्णव गुण मिळाले, तेव्हा अभिनंदन करण्याआधी बहुतेकांनी एकच गोष्ट विचारली, "केंद्र कुठलं होतं?"

केंद्र पानिपतचं होतं. वडील गुणवंत साळवे केंद्र सरकारच्या हातमाग खात्यात होते आणि त्यांची बदली तिथे झाली होती. १९९१च्या उन्हाळ्यात साळवे कुटुंब पुन्हा बदली होऊन दिल्लीला, मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये परतलं, तोवर त्या केंद्राची बातमी पेपरात येऊन गेली होती. खिडक्यांतून चिठ्ठ्या आत आल्या, पर्यवेक्षक पाठ फिरवून उभे राहिले, असं छापलं होतं. ते खोटंही नव्हतं.

अरुणाला दिल्लीत गणित ऑनर्स करायचं होतं. तिचे गुण कट-ऑफच्या वर होते. पण कॉलेजच्या खिडकीवर तिची मार्कशीट बाजूला ठेवली गेली. "पानिपत? बेटा, आप उधर बैठिए." तिच्या मागची मुलं फी भरून निघूनही गेली.

शेवटी विभागप्रमुख मॅडमनी तिला आत बोलावलं. त्या केंद्राची चौकशी चालू आहे, निर्णय येईपर्यंत प्रवेश नाही, असं त्यांनी सांगितलं. मग फळ्यावर एक गणित लिहून म्हणाल्या, "ये करके दिखाओ."

अरुणाने ते सोडवलं. मॅडमनी आणखी अवघड दिलं, तेही सुटलं.

"ट्यूशन किसके पास थी?"

"किसी के पास नहीं."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय काही हलला नाही.

घरी हे ऐकून आई, प्रभा, खूप चिडली. गुणवंत मात्र जेवण संपवून उठले. हात धुऊन आल्यावर त्यांनी विचारलं, "अरुणा, चिठ्ठी तुझ्यापर्यंत आली होती का?"

"आली होती, पप्पा. बाकावर येऊन पडली."

"वाचलीस?"

"नजर गेली. उत्तर चुकीचं होतं. माझं सोडवून झालं होतं तोवर. मी ती खाली टाकली."

"अहो, पोरीवर विश्वास नाही का तुमचा?" प्रभा म्हणाली.

"विश्वासाचा प्रश्न नाही," गुणवंत म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. मॅडमच्या 'अच्छा'पेक्षा हे वाक्य अरुणाला जास्त लागलं.

बोर्डाने त्या केंद्रावरचा गणिताचा पेपर रद्द केला. फेरपरीक्षा सप्टेंबरात, म्हणजे दिल्लीतले प्रवेश संपल्यावर. आईने सुचवलं, गणित सोड, बाकीच्या विषयांच्या गुणांवर साधं बी.ए. कर, वर्ष तरी वाचेल. अरुणा नाही म्हणाली. आता गणित सोडलं तर लोक म्हणतील, बघा, घाबरली.

फेरपरीक्षेला गुणवंत रजा टाकून तिच्याबरोबर बसने पानिपतला आले. फाटकावर महिला पोलिसाने अरुणाची वेणीसुद्धा चाचपून पाहिली. तिला खिडकीजवळची जागा मिळाली. पेपर हातात आल्यावर सहज बाहेर लक्ष गेलं, तर पप्पा फाटकापाशी उन्हात उभे. चहाला जातो म्हणाले होते, पण हलले नव्हते. ते सरळ तिच्याच खिडकीकडे बघत होते.

पहिला प्रश्न तिने दोनदा वाचला, तरी डोक्यात शिरेना. मग असा राग आला की तिने खिडकीकडे पाठ करून लिहायला घेतलं आणि शेवटपर्यंत मान वर केली नाही.

"कसा गेला?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"तुम्ही बघतच होतात ना."

परतीच्या बसमध्ये अरुणा खिडकीची जागा सोडून आतल्या बाजूला बसली. मग गुणवंत म्हणाले, "मी तुझ्यावर नाही, खिडकीवर लक्ष ठेवत होतो. या वेळी कुणी काही आत टाकलं असतं, तर मी साक्षीला असतो."

तिला ते खरं मानायचं होतं. पूर्ण मानता आलं नाही.

या वेळी चौऱ्याण्णव मिळाले. पुढच्या वर्षी ती त्याच कॉलेजात, त्याच मॅडमसमोर उभी राहिली. मार्कशीट बघून मॅडम हसल्या. "तीन कम हो गए. पर ये तो तुम्हारे अपने हैं."

"वो भी मेरे ही थे, मॅडम."

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि प्रवेशाच्या अर्जावर सही केली.

अरुणाने ऑनर्स पुरं केलं, नंतर नोएडाच्या एका शाळेत गणित शिकवू लागली. ऑनर्सच्या तीन वर्षांत निकाल लागला की गुणवंत दारातच विचारत, "काय झालं?" ती म्हणे, "पास झाले, पप्पा." किती गुण मिळाले ते तिने कधी सांगितलं नाही, आणि त्यांनीही पुढे काही विचारलं नाही.