कालव्याच्या रस्त्यावरचा विळा

घोडेगावच्या डॉक्टरांनी मला साखर बंद करून रोज चालायला सांगितलं, तेव्हा मी पंचविशीत होते. दुसऱ्याच सकाळी बूट घालून कालव्याच्या रस्त्याने निघाले. पण आमच्याकडे बाई उगाच चालत नाही. ओळखीचे मोटारसायकलवाले थांबून विचारायचे, "यष्टी चुकली का? बस मागं." वाटेतल्या घरांतून चहाला हाका यायच्या, आणि चहाला नाही म्हटलं की माणसं रुसतात. तो चहा म्हणजे नुसता पाक. घरी परतेपर्यंत दोन-तीन घरांचा पाक पोटात गेलेला असायचा.

मग मी हातात विळा घेतला. शेतावर निघालेल्या बाईला कुणी अडवत नाही. त्या विळ्याने गवताची काडीही कापली नाही, पण माझे कपडे सैल झाले.

एके दिवशी माझाच मला राग आला. स्वतःच्या तब्येतीसाठी चालायला खोटं काम कशाला हवं? विळा घरी ठेवून रिकाम्या हातांनी निघाले. वाटेवरच्या काकूंनी ओट्यावरून विचारलं, "आज इळा न्हाई? मग काय काम काढलंस?"

"चालायचं काम काढलंय, काकू," मी म्हणाले, आणि थांबले नाही.