स्पेनच्या बैलांची खांदमळणी

कमानिया गेटजवळ रामराव काकांचं तसबिरी मढवायचं दुकान आहे. खूप वर्षांपूर्वी कोणीतरी एक जुनं स्पॅनिश पोस्टकार्ड फ्रेमसाठी ठेवून गेलं आणि परत आलंच नाही. बैलझुंजीचं रंगीत चित्र. लाल कापड धरलेला माणूस, समोर काळा बैल. बैलाच्या खांद्यात टोकदार काठ्या रुतलेल्या. काकांनी ते जपलं, मग तसली आणखी शोधू लागले. आज गढा भागातल्या त्यांच्या घरी या कार्डांनी एक कपाट भरलं आहे. लढणाऱ्या एकाही माणसाचं नाव त्यांना ठाऊक नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिथे गेलो. एका शंभर वर्षं जुन्या संचातलं फक्त चौथं कार्ड काकांकडे नव्हतं. स्पेनमधला एक संग्राहक ते द्यायला तयार झाला होता. बदल्यात त्याला काकांकडे नुकतंच आलेलं एक कार्ड हवं होतं. अट एकच, डाग नको. पाकीट मी पाठवणार होतो.

काका जमिनीवर बसले होते. पुढे सगळी कार्डं मांडलेली. वाटीत तूप आणि हळद.

पोळ्याच्या आदल्या दिवशी जुवाने घासलेला बैलाचा खांदा तूप-हळदीने मळतात, त्याला जेवणाचं आमंत्रण देतात, हे मला माहीत होतं. कागदावरच्या बैलांचा खांदा कोणी मळत असेल, हे नव्हतं.

काकांनी करंगळी बुडवली. काठ्या रुतल्या होत्या तिथेच टेकवली.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पुढचं कार्ड. पुन्हा तेच शब्द. जुन्या कार्डांवर दर वर्षीची हळद साचली होती.

"काका, यांना वशिंडसुद्धा नाही."

"खांदा तर आहे ना बे!"

स्वयंपाकघरातून नर्मदा काकू ओरडल्या, "इथं माझा खांदा दुखून राहिला, त्याले कोणी तूप लावत नाही. परदेशी बैलांचे लाड पाहा!"

"तू शिंगं मारते. भेव वाटते मले."

शेवटी स्पेनला पाठवायचं कार्ड आलं. कोरं, स्वच्छ.

"हे सोडा, काका. हा बैल आता त्या माणसाचा."

"जाईल तेव्हा जाईल. आज आपल्या घरी आहे."

"डाग पडला तर चौथं मिळणार नाही."

काकांचं बोट वाटीत तसंच राहिलं. चौथ्या कार्डाचा फोटो ते रोज मोबाईलवर मोठा करून पाहत. मी ते पाहिलं होतं.

"सगळ्यांले बोलावलं," ते हळूच म्हणाले, "अन् याच्या समोरून हात काढून घेऊ? काहून मलेच नाही, म्हणेल ना तो."

त्यांनी बोट टेकवलं. जखम खरी असावी इतक्या अलगद.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

तूप कागदात पसरत गेलं.

काकांनी हात पुसले. संग्राहकाला पाठवायला कार्डाचा फोटो काढला. खाली मला इंग्रजीत लिहायला लावलं : डाग पडला आहे, मीच पाडला. थोड्या वेळात उत्तर आलं. देवाणघेवाण रद्द.

"वाईट वाटलं?"

"लय." त्यांनी चष्मा काढला. "त्या चौथ्याले कोणी आवतन दिलं नसेल, बेटा. म्हणून तर पाहिजे होता मले तो."